खोटा रुपया

चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस आमच्याकडे महालक्ष्मीची यात्रा असते. चारोटी नाक्यापासून देऊळ फार दूर नाही. विवळवेढ्याच्या रस्त्याला माणसांची सारखी रीघ लागलेली असते. त्या पंधरवड्यात मुले शाळेत येतात ती देहाने तेवढी. कोणाच्या दप्तरात पिपाणी असते, कोणाच्या मुठीत अर्धवट खाल्लेली बत्तासे चिकटून बसलेली असतात. अशा दिवसांत मीही शिकवण्याचा फारसा हट्ट धरीत नाही. तोंडी हिशेब घालतो, एखादी गोष्ट सांगतो आणि घंटेची वाट मुलांइतक्याच उत्सुकतेने पाहतो.

चार वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी सहावीतला एक मुलगा आपल्या आजीला घेऊन वर्गाच्या दाराशी आला. म्हातारी पाड्यावरून चालत आली होती. तिने पदराची गाठ सोडली, आतली चिंधी उलगडली आणि एक रुपया माझ्या टेबलावर ठेवला. आमच्याकडची जुनी माणसे मास्तराला काय आणि मामलेदाराला काय, 'तू'च म्हणतात. त्यात अनादर नसतो. त्यांच्या बोलीत माणसाला दुसरे सर्वनामच नाही.

"मास्तर, यावर काय लिहिलंय ते वाच," ती म्हणाली. "राजाचा आहे ना हा?"

पावसाच्या आधी घरावर कौले चढवायची होती आणि पैसे कमी पडत होते. रुपया तिला तिच्या सासूने दिला होता, सासूला तिच्या सासऱ्याने. वर घाटावरून आला, एवढेच तिला ठाऊक. मी तो उचलला. जाड, ओबडधोबड, पुरता गोलही नव्हता. दोन्ही बाजूंना फारसी अक्षरे होती आणि तीही धड नव्हती. काठावर आलेले एक अक्षर मधोमध कापल्यासारखे, दुसऱ्याचे नुसते शेपूट राहिलेले. मला फारसी येत नाही. पण 'मला येत नाही' हे तीन शब्द उच्चारायची सवय मास्तरकीत पार मोडून जाते. त्यातून सारा वर्ग माना उंच करून पाहत होता. मी रुपया खालीवर करून पाहिला, बोटाने काठ चाचपला आणि म्हणालो, "आजी, याचा ठसा काही नीट उठलेला नाही. सरकारी टांकसाळीतला रुपया असा नसतो. मला तर हा खोटा दिसतो."

म्हातारी काही बोलली नाही. तिने चिंधी पुन्हा गुंडाळायला घेतली. नातवाने मात्र तेवढ्यात एक काम केले. नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासले की ठसा कागदावर उमटतो, हे मीच वर्गाला कधी तरी दाखवले होते. त्याने वहीच्या पानावर रुपयाच्या दोन्ही बाजू उठवून घेतल्या आणि ते पान फाडून माझ्यापुढे ठेवले. मी ते हजेरीपटात घातले. मग दोघे गेली.

आठवड्याने त्याच मुलाकडून कळले की रुपया विकला. बाजाराच्या गावी एका सराफाने घेतला. त्याने विचारले, "हे काय आणलंस?" तेव्हा म्हातारीने सरळ सांगून टाकले की आमचा मास्तर याला खोटा म्हणतो. सराफाला आणखी काय हवे होते? त्याने भेसळीची म्हणून मोठी घट धरली आणि तिच्या हातावर तीनशे रुपये ठेवले. मला त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. खोट्या रुपयाचे तीनशे आले, म्हातारीचे बरे झाले, असेच मनात आले.

त्या सुमारास मी एका कादंबरीच्या मागे होतो. पेशवाईच्या दिवसांतल्या एका टांकसाळीतला कारकून, हा तिचा नायक. हातून रोज हजारो रुपये जातात आणि घरात मात्र मीठ-मिरचीची चणचण, अशी काहीशी कल्पना होती. कारकून मनात उभा राहिला होता, पण त्याच्या कचेरीत काय चालते याचा मला पत्ता नव्हता. टांकसाळ म्हणजे राजाचा कारखाना. राजा चांदी देतो, कारागीर रुपये पाडतात, रुपये खजिन्यात जातात, अशी माझी शाळकरी समजूत होती. म्हणून मे महिन्याच्या सुटीत मुंबईस जाऊन ग्रंथालयात बसलो, आणि पहिल्या दोन दिवसांतच ती समजूत ढासळली.

न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी राज्यातील चलन आणि टांकसाळी यांवर इंग्रजीत एक निबंध लिहिला आहे. पेशव्यांच्या दप्तरातले कागद समोर ठेवून तो लिहिलेला आहे. त्यात पहिलीच गोष्ट कळते ती ही की पुष्कळशा टांकसाळी सरकार स्वतः चालवीतच नसे. परवाना देई. १७४४च्या सुमारास नागोठण्याच्या बाळाजी बापूजीला तांब्याचे पैसे पाडण्याचा परवाना मिळाला. रेवदंड्याच्या बहिरो राम दातारालाही तसाच मिळाला. म्हणजे हे आमच्या कोकणपट्टीतलेच लोक. १७३९ साली चिमाजीअप्पांनी डहाणू, तारापूर, वसई ही पोर्तुगीजांची ठाणी घेतली, त्याला अजून पाच-सहा वर्षेच झाली होती. बाळाजी बापूजीचा परवाना तीन वर्षांचा. पहिल्या वर्षी सरकारात ५० रुपये भरायचे, दुसऱ्या वर्षी ७५, तिसऱ्या वर्षी १००. तांबे त्याचे, कोळसा त्याचा, माणसांची मजुरीही त्याचीच. राजाचे काय? राजाचा शिक्का.

मला मोठी गंमत वाटली. राजाच्या नावाची वस्तू राजा स्वतः करीत नाही, आणि ती करू दिल्याबद्दल उलट पैसे घेतो! आमच्या महामार्गावरचा टोलनाका डोळ्यांसमोर आला. पण टोलनाक्यावर माणूस एकदा पैसे देऊन सुटतो. टांकसाळीचे तसे नाही. तिथून निघालेले नाणे पुढे शंभर वर्षे हातोहात फिरत राहते, आणि प्रत्येक हाताने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. मग मक्तेदाराने तिसऱ्या वर्षीचे १०० भरून निघावेत म्हणून पैशातले गुंजभर तांबे चोरले, तर त्याला अडवायचे कोणी?

हा प्रश्न पेशव्यांनाही पडला असला पाहिजे. कर्नाटकात खासगी टांकसाळींनी खोटी, हिणकस नाणी काढून असा काही गोंधळ घातला की अठराव्या शतकाच्या मध्याला त्या बंद करण्याचे हुकूम सुटले आणि धारवाडला एक मुख्य टांकसाळ घातली गेली. तिथे पांडुरंग मुरार नावाचा अधिकारी नेमला. होन, मोहरा, रुपये सारे तिथेच पाडायचे. तिथला हिशेब मला फार आवडला. दर हजार नाण्यांमागे सात नाणी घ्यायची: सहा सरकारची आणि एक पांडुरंग मुरारचे.

या दोन हिशेबांत किती फरक आहे पाहा. नागोठण्याच्या परवानेदाराला ठरावीक रक्कम भरायची होती; नाणे चांगले निघो की वाईट, सरकारचे ५० रुपये बुडत नव्हते. धारवाडला सरकारची मिळकत आणि अधिकाऱ्याचा पगार दोन्ही हजारातल्या सातांवर. ते सात कुठून येणार? चांदी-सोने घेऊन लोक टांकसाळीच्या दाराशी येतील तेव्हा. आणि लोक येणार केव्हा? तिथल्या रुपयाला बाजारात बट्टा पडत नसेल तेव्हा. त्या काळी रुपया म्हणजे एक नव्हे. पुण्याचा अंकुशी निराळा, चांदवडी निराळा, सुरती निराळा. प्रत्येकाचा भाव वेगळा आणि एकातून दुसऱ्यात जाताना सराफाचा बट्टा. टांकसाळ ढिली पडली की तिच्या रुपयाचा बट्टा वाढायचा, आणि सावकार आपली चांदी दुसऱ्या टांकसाळीकडे वळवायचा. तेव्हा तिथे प्रामाणिकपणा हा सद्गुण म्हणून नव्हे, उत्पन्नाची बाब म्हणून सांभाळावा लागे. माझा कारकून मला इथे पहिल्यांदा दिसला. त्याच्या पोटाची चिंता आणि नाण्याचे वजन एकाच दांडीला टांगलेली होती.

याच्याही आधीची एक गोष्ट आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला होता. कंपनीचे नाणे तुमच्या राज्यात चालावे, असे एक कलम त्याने मागितले. महाराजांचे उत्तर असे की, लोकांना तोटा सोसून एखादे नाणे घ्या असे मी सांगू शकत नाही. पण तुमचे नाणे कसाने आणि वजनाने इतरांच्या तोडीचे असेल, तर मी त्याला मनाई करणार नाही. त्याच वर्षी 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरे असलेली शिवराई आणि होन पडू लागले होते. नवे छत्र धरलेला राजा, आणि तोच म्हणतो की नाणे हुकुमाने चालत नाही! शिक्का ही आज्ञा नव्हे, जामीनकी आहे, हे त्यांना किती स्वच्छ दिसत होते.

इथवर मी मजेत वाचीत होतो. वही भरत चालली होती. मग नाशिक जिल्ह्याचे १८८३चे गॅझेटियर हाती आले आणि त्यात चांदवडचे पान उघडले.

चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. आधी किल्ल्यावर, पुढे १८००च्या सुमारास खाली गावात. तिथे काम कसे चाले याचे वर्णन त्या पानावर आहे. चारशे कारागीर. प्रत्येकाला कसाला उतरलेली चांदी तोलून द्यायची. त्याने तिचे तुकडे करायचे, ठोकून वाटोळे करायचे आणि तोलायचे. आकार सारखा होतो की नाही याची फिकीर कमी. वजन बरोबर आहे की नाही, याची दक्षता अधिक. त्यासाठी चारशे जणांना चारशे तराजू आणि वजने दिलेली, आणि ती वजने दर आठवड्याला तपासून पाहायची! वजनाला उतरलेले तुकडे मग ठशाकडे जात. ऐरणीसारख्या लोखंडाला मधे खळगा, त्यात उलटी अक्षरे कोरलेली. एक जण तुकडा खळग्यात टाकी, दुसरा वरून ठसा धरी, तिसरा सहा पौंडांचा हातोडा घाली. तीन माणसे तासाला २,००० रुपये पाडीत. दहा तासांच्या दिवसाला २०,०००. मी तिथेच वहीच्या कडेला धारवाडचा दर लावून पाहिला: १२० सरकारचे, २० अधिकाऱ्याचे. मास्तरची खोड, दुसरे काय!

आणि पुढे एक वाक्य होते. ठसा हा तुकड्यापेक्षा थोडा मोठा असल्यामुळे सगळी अक्षरे नाण्यावर क्वचितच उमटत.

मी ते वाक्य पुन्हा वाचले. मग गॅझेटियर मिटून ठेवले. ग्रंथालयात पंखे फिरत होते, शेजारी एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्रावर डुलक्या घेत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे काठावर कापलेले ते अक्षर आले.

ज्या खुणेवरून मी रुपया खोटा ठरवला, ती खऱ्या टांकसाळीची खूण होती. आकाराकडे दुर्लक्ष करून वजन सांभाळणाऱ्या माणसांच्या हातचे ते नाणे. आणि मी त्याचा आकार पाहिला, वजन पाहिले नाही. बरे, तराजू नव्हता असेही नाही. माझ्या पाठीमागच्या कपाटात, विज्ञानाच्या सामानात, पितळी वजनांसकट तराजू होता. कुलूप लावलेले होते आणि किल्ली माझ्या खिशात होती.

गावी परतल्यावर हजेरीपटातले ते पान काढले आणि नाण्यांची जाण असलेल्या एका स्नेह्यांना दाखवले. शिसपेन्सिलीच्या करड्या रेघांत त्यांनी बोट फिरवले. "इथं शाह आलमचं नाव आहे, अर्धं," ते म्हणाले. पेशवे झाले, होळकर झाले, तरी रुपयावर नाव दिल्लीच्या बादशहाचेच राही, कारण बाजाराच्या ओळखीचे तेच होते. पलीकडच्या बाजूचा तुकडा पाहून ते म्हणाले, "चांदवडी असावा. नाणं हातात असतं तर खात्रीनं सांगितलं असतं. कुठं आहे ते?"

ते कुठे आहे हे मला ठाऊक होते. मी त्या बाजारगावी जाऊन आलो. सराफाने आठवल्यासारखे केले आणि सांगितले की जुनी मोड त्याच महिन्यात आटणीला गेली.

नंतर पुष्कळ दिवस मी मनाशी भांडत होतो. सराफाने घट अधिक धरली ही त्याची लबाडी खरी. पण त्याला आधार कोणाच्या शब्दाचा मिळाला? नाण्यावर राजाची जामीनकी होती. राजा गेला, होळकर गेले; १८३५ साली कंपनीने सगळीकडे एकच रुपया केला, १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. १८९३पर्यंत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घ्यावेत अशी मुभा होती, तीही बंद झाली. १९४०मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि १९४७मध्ये रुपया निकेलचा झाला. इतक्या सगळ्यांतून तो चांदवडी रुपया एका घराच्या आढ्याखाली खरा म्हणून टिकून राहिला होता. तो खोटा झाला माझ्या वर्गात, दुपारी अडीच वाजता.

आमच्या भागात वजनाची गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभा यांच्या साथीने वारल्यांनी जो लढा दिला, त्यात एक मागणी अशी होती की पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळाले पाहिजेत. मी ही मागणी पुष्कळदा वाचली होती, आणि माझे लक्ष दर वेळी अडीच रुपयांवर गेले होते. आता ते पाचशे पौंडांवर जाते. रुपया किती वजनाचा हे सरकारने ठरवून दिले होते. गवत किती वजनाचे हे ठरवणारा काटा मात्र कापणाऱ्याच्या हातात नव्हता. ज्याला वाचता येत नाही, तोलता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या वाचण्यावर आणि दुसऱ्याच्या तोलण्यावर चालावे लागते. चुकणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. ती त्याच्या पदरात पडते. चांदवडच्या कारभाऱ्यांनी दर आठवड्याला चारशे वजने तपासली ती याचसाठी. नाही तर उत्पन्न बुडाले असते, हे खरे. पण त्या तपासणीमुळेच कुठल्या तरी पाड्यावरच्या, अक्षरशून्य माणसाच्या हातीही खरा रुपया आला.

शेवटी एका रविवारी पाड्यावर गेलो. पाऊस सुरू व्हायचा होता. घरावर निम्मी कौले नवी, निम्मी जुनी. म्हातारी अंगणात गोवऱ्या उलटीत होती. नातू घरात होता, तो धावत बाहेर आला आणि माझ्याकडे पाहून दारातच थबकला. बरोबर काय सांगायचे ते वाटेत ठरवले होते, पण ते सगळे विसरून मी एवढेच म्हणालो, "आजी, तुमचा तो रुपया खरा होता. मला वाचता येत नव्हतं, तरी मी खोटा म्हणालो."

तिने हात लुगड्याला पुसले. "राजाचा होता?"

"होय. होळकरांच्या टांकसाळीतला असावा. नाव बादशहाचं, पण टांकसाळ होळकरांची."

"मग सासू खोटं बोलली नव्हती माझी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. इतके दिवस तिला माझा राग आला नव्हता, सासूबद्दल मात्र मनात शंका आली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. माझ्या एका शब्दाने मी एवढेही केले होते.

मी खिशातून हजार रुपये काढून तिच्यापुढे धरले. निव्वळ चांदीचा तेव्हाचा भाव धरला तरी रुपया सातशेच्या वर जात होता. वरचे मी अजमासाने धरले होते. दया म्हणून देत नाही, चूक म्हणून देतो, असे काहीसे बोललो. तिने नोटा घेतल्या, नातवाला बोलावले आणि त्याच्याकडून दोनदा मोजून घेतल्या. मग त्यातल्या तीनशेच्या नोटा बाजूला करून माझ्या हातात परत दिल्या.

"सराफानं दिलेत ते," ती म्हणाली. "दोनदा कसे घेऊ?"

हल्ली यात्रेच्या दिवसांत मी कपाटातला तराजू काढून टेबलावर ठेवतो. मुले खिशातली नाणी तोलतात. आजच्या रुपयावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराचा बारीक ठिपका असला तर तो मुंबईच्या टांकसाळीचा, हे त्यांना दाखवतो. दुकानदारांची वजने ज्यांच्याशी ताडून पाहतात ती प्रमाण वजनेही त्याच टांकसाळीत तयार होतात, हेही सांगतो. कादंबरी अजून पुरी झालेली नाही. कारकून दर आठवड्याला वजने तपासतो, तिथवर ती आली आहे. आणि कोणी काही वाचायला घेऊन आले, तर आधी म्हणतो, "बघू. मला येतं की नाही ते पाहू दे."